एक्सोसोम टेस्टचं पॅकेज घेतलं, नाशिक: सुई फर्स्ट क्लास, पुढचं सगळं रामभरोसे. ५ पैकी २ स्टार

लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. मी स्वतः सोळा वर्षं पॅथॉलॉजीत टेक्निशियन होते, मला माहितीये असा रिव्ह्यू पडला की बोलणी कोण खातं, मालक नाही खात, काउंटरवर बसलेली पोरगी खाते. तर गंगापूर रोडच्या बाजूची एक लॅब एवढंच समजा, आणि उद्या दुसऱ्या कुठल्या लॅबने हेच पॅकेज वेगळं नाव देऊन तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर त्यालाही हाच रिव्ह्यू लावा.

झालं असं की आमच्या ह्यांचं जानेवारीत एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट, ६.१ आलं. वय ५१, वजन बेताचं, हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र शर्टाच्या बटणांना त्रास देणारं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे डायबेटिस, हे आता घरोघरी पाठ आहे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं की चाला, रात्रीचं जेवण आठच्या आत, तीन महिन्यांनी परत बघू. हे चालायला लागले, रोज सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, आणि रविवारी तिथून परस्पर मिसळ, वर जिलबी. आता नाशिककर माणसाला रविवारी मिसळ खाऊ नको सांगणं म्हणजे घटस्फोटाची तयारी, म्हणून मी गप्प.

त्यात धाकट्या दिरांनी फॉरवर्ड टाकला. निळ्या पार्श्वभूमीवर ती डीएनएची पिळदार शिडी, वर लिहिलेलं, शुगर वाढण्याआधी पेशी बोलतात, तुम्ही ऐकताय का. खाली बारीक, डायबेटिस तुमचा डीएनए बदलतो, वेळीच ओळखा. पॅकेजमध्ये फास्टिंग शुगर, इन्सुलिन, एचबीए१सी, लिपिड, लिव्हर, एचएस-सीआरपी आणि मुख्य आकर्षण म्हणजे एक्सोसोम मायक्रोआरएनए पॅनल (हे काय असतं ते पुढे सांगते), बारा मार्कर आणि त्यावरून काढलेला एक स्कोर. २२,००० चं १४,५०० ला, फक्त रविवारपर्यंत. मी म्हणलं अहो नको, पण ह्यांना आकडा दिसला की विश्वास बसतो, बँकेत आयुष्य गेलंय.

होम कलेक्शन बुक केलं. फोनवरच्या मुलीला विचारलं किती तास उपाशी, म्हणे आठ तास झाले की बास. आदल्या रात्री औरंगाबाद रोडच्या एका लॉन्सवर पुतण्याचं रिसेप्शन, जेवायला साडेअकरा, आणि रबडी-जिलबीच्या काउंटरला हे दोनदा जाऊन आले. सकाळी सातचा स्लॉट होता, मुलगा आला आठ पन्नासला.

आता मुलगा मात्र सोन्यासारखा हो. ह्यांची व्हेन शोधायला मला स्वतःला घाम फुटतो, त्याने बोटाने चाचपलं, टुरनिके, म्हणजे दंडाचा पट्टा, फार वेळ आवळून ठेवलं नाही, एका प्रिकमध्ये काम, ह्यांना कळलंही नाही. पाच स्टार त्या हाताला. शुगरची करडी टोपी, जेलची पिवळी, एचबीए१सीची जांभळी आणि एक्सोसोमची म्हणून अजून एक जांभळी. आणि मग त्याने ती शेवटची जांभळी ट्यूब उचलून अशी हलवली, अशी हलवली की मिसळीवाला तर्रीची बाटली हलवतो तशी. अरे बाळा! ईडीटीएची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची ही जांभळी ट्यूब हळूच उलटीसुलटी करायची असते आठदहा वेळा, मनगट फिरवून, हलवायची नाही, लाल पेशी फुटतात. त्याला म्हणलं तर तो बिचारा ओशाळला, सॉरी मॅडम, घाई होती. सगळ्या ट्यूब पाण्याच्या बाटलीशेजारी पिशवीत. म्हणलं स्पिन कुठे करणार, म्हणजे मशीनमध्ये फिरवून पेशी खाली बसवून वरचा प्लाझ्मा (रक्तातलं पाणी) कुठे वेगळा करणार, किती वेळात? म्हणे मॅडम ते पुढं होतं, आपलं काम फक्त कलेक्शन. अजून चार घरं आहेत इंदिरानगर साइडला.

बर्फ नव्हता यावर माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते, कारण लोकांना वाटतं थंड ठेवलं की सगळं चांगलं. या टेस्टला बर्फ उलट नको, गारव्याने प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, चिडतात. तक्रार ही की एप्रिलचं ऊन, गाडीची डिकी, द्वारकाच्या सर्कलचं ट्रॅफिक आणि चार घरं. रक्त ट्यूबमध्ये गेलं म्हणजे मेलं असं नसतं, पेशी आत जिवंत असतात, आणि प्लेटलेट्स तर धक्का बसला, वेळ गेला, गरम झालं की स्वतःच बारीक बारीक पुड्या सोडायला लागतात. म्हणजे जे मोजायचंय तेच ट्यूबमध्ये नव्याने तयार होत बसतं.

मोजायचं काय असतं ते थोडं सांगते, कारण टेस्ट भोंगळ असली तरी विषय अजिबात भोंगळ नाहीये, आणि माझा राग त्यामुळेच जास्त आहे. माझी भाची पुण्यात पीएचडी करते याच्या जवळपासच्या विषयात, तिला फोन लावला तर तासभर सोडलं नाही.

आपल्या शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बाहेर छोट्या छोट्या पिशव्या सोडतात, रक्तात त्या असंख्य फिरत असतात. त्यातल्या सगळ्यात बारीक जातीला एक्सोसोम म्हणतात, साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. लाल पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची, म्हणजे एका लाल पेशीच्या रुंदीत शंभर नॅनोमीटरच्या सत्तर-ऐंशी पिशव्या ओळीने बसतील. आमच्या लॅबच्या मायक्रोस्कोपखाली त्या दिसणं शक्यच नव्हतं, मी सोळा वर्षं रक्त बघितलं आणि या कधी पाहिल्या नाहीत. १९८० च्या दशकात कॅनडात रोझ जॉनस्टोन बाईंनी मेंढीच्या कच्च्या लाल पेशींवर काम करताना बघितलं की पेशी मोठी होताना नको असलेलं सामान या पिशव्यांतून बाहेर टाकते, एक्सोसोम हे नाव त्यांनीच १९८७ मध्ये या पिशव्यांना लावलं. तेव्हा सगळ्यांचा समज असा की ही पेशीची घंटागाडी आहे, कचरा नेते, विषय संपला. मग २००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या मंडळींनी दाखवलं की या पिशव्यांत आरएनए असतो, आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामही करतो. म्हणजे घंटागाडी समजत होतो ती निघाली कुरिअरची गाडी.

त्या आरएनएमधला एक प्रकार म्हणजे मायक्रोआरएनए, जेमतेम बावीस अक्षरांचा तुकडा. पेशीत प्रोटीन बनवायचा जो निरोप असतो त्याला हा चिकटतो आणि काम थांबवतो किंवा मंद करतो. १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांब किड्यात सापडला आणि २०२४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं, व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना. बावीस अक्षरं, आणि नोबेल यायला एकतीस वर्षं.

आता डायबेटिसशी काय संबंध. इथे मला खरंच मजा आली. पोटावरची चरबी ही नुसती साठवणीची कोठी नाहीये, ती सतत पार्सल पाठवत असते. २०१७ मध्ये बोस्टनच्या रोनाल्ड कान यांच्या गटाने असे उंदीर तयार केले की ज्यांच्या फक्त चरबीच्या पेशींना मायक्रोआरएनए बनवता येत नाही, आणि बघतात तर रक्तातल्या एक्सोसोममधले कितीतरी मायक्रोआरएनए एकदम खाली. म्हणजे रक्तात फिरणाऱ्या पार्सलांचा मोठा पुरवठादार चरबी. त्याच वर्षी सॅन दिएगोत जेरॉल्ड ओलेफ्स्की यांच्याकडे अजून भारी प्रयोग झाला, लठ्ठ उंदरांच्या चरबीत बसलेल्या मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशींचे एक्सोसोम काढून सडपातळ उंदरांना टोचले. सडपातळच राहिले ते, पण त्यांचं इन्सुलिन चालेनासं झालं! आणि उलट केलं, सडपातळांचे एक्सोसोम लठ्ठांना दिले, तर लठ्ठांची साखर सुधारली. वजन तेच आणि पार्सल बदललं की तब्येत बदलली. त्या पार्सलमध्ये मिर-१५५ नावाचा एक मायक्रोआरएनए जास्त होता. भाची म्हणे मावशी, हे वाचलं त्या दिवशी मी जेवले नव्हते. मी म्हणलं तू तशीही जेवत नाहीस.

माणसांतही दिसलंय. २०१० मध्ये इटलीतल्या ब्रुनेक गावच्या लोकांच्या साठवलेल्या रक्तात डायबेटिसवाल्यांचं मिर-१२६ कमी सापडलं, हा मायक्रोआरएनए रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचा. त्यांनी त्या अस्तराच्या पेशी भरपूर साखरेत ठेवून बघितल्या, तर पेशींनी सोडलेल्या पुड्यांत मिर-१२६ कमी भरला जात होता. साखर वाढली की पेशी पार्सल पाठवतच राहते, आतला माल बदलतो, असं सरळ समजा. २०१८ मध्ये बाल्टिमोरच्या लोकांनी दाखवलं की डायबेटिसमध्ये रक्तातल्या पिशव्यांची संख्याही वाढते. आणि वजन कमी करायच्या पोटाच्या ऑपरेशननंतर वर्षभराने बायकांच्या चरबीच्या एक्सोसोममधले मायक्रोआरएनए बदललेले दिसले, इन्सुलिनच्या सुधारणेशी त्याचा मेळ लागत होता, अभ्यास छोटासा होता पण दिशा कळते. म्हणजे हे परत फिरणारं आहे, कपाळावर लिहिलेलं नाही.

म्हणून त्या जाहिरातीतलं वाक्य, डायबेटिस तुमचा डीएनए बदलतो, ते वाचून माझं डोकं फिरलं. डीएनएची अक्षरं होती तशीच आहेत हो. पिशवीत कुठला आरएनए किती भरला, कुठल्या पेशीने किती पाठवला, ते बदलतं. वाणी तोच, दुकान तेच, यादीतला माल बदलला, याला कोणी दुकान विकलं म्हणतं का?

आणि आमच्या ह्यांच्यासारख्या काडीपैलवानांचं काय, तर ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी कधीच सांगून ठेवलंय. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३. अंगातली चरबी युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी. तर पार्सल पाठवणारी कोठी आमच्या घरात भरलेली असणारच, त्याला १४,५०० ची टेस्ट कशाला, मी रोज शर्टाला इस्त्री करते.

बरं. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले, सांगितले होते पाच. चौदा पानी पीडीएफ, कव्हरवर परत ती शिडी. साध्या टेस्टमध्ये अनपेक्षित काही नव्हतं, एचबीए१सी ६.१, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी जास्त, २६८, ती रात्रीची रबडी बोलतेय असं म्हणायला जागा आहे, लिव्हरचं एसजीपीटी ६२, तेही जास्तच. आणि मग एक पूर्ण पान नुसता लाल गोल, त्यात ७१, खाली हाय रिस्क. मिर-१२६ कमी म्हणून लाल रंगात, लिव्हरचा मिर-१२२ पिवळ्यात. लिव्हरवर चरबी आहे हे साध्या एसजीपीटीने आणि मागच्या वर्षीच्या सोनोग्राफीने सांगितलंच होतं, त्यात नवीन काही नाही, पण तो लाल ७१ बघून ह्यांचा चेहरा उतरला. पॅकेजमध्ये वेलनेस कोचचा व्हिडिओ कॉल फ्री होता, तो पोरगा म्हणे, सर तुमचे जीन्स बदलायला लागलेत, अजून वेळ गेलेली नाही. त्या रात्री माणूस झोपला नाही हो! मखमलाबादच्या मित्राने पाठवलेली सीझनची शेवटची द्राक्षं होती, त्यातला एक मणी खाल्ला नाही, मुलीला म्हणे तुझ्यातही गेलं असेल का ग हे. कुठून कुठे.

मग मी चष्मा लावून चौदाच्या चौदा पानं वाचली. टेक्निशियनची खोड, आम्ही शेवटच्या पानावरून सुरुवात करतो. चौदावं पान दुकान. एक्सोसोम सपोर्टच्या कॅप्सूल, तीन महिन्यांचा कोर्स, आणि क्लिनिकमध्ये एक्सोसोम ड्रिप. या ड्रिपबद्दल एकच सांगते, डिसेंबर २०१९ मध्ये औषधांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला होता, नेब्रास्कात एक्सोसोम म्हणून दिलेल्या उत्पादनानंतर पेशंटना गंभीर त्रास झाला होता, आणि मंजुरी मिळालेलं एकही एक्सोसोम उत्पादन तेव्हा नव्हतं. तर ड्रिपच्या नादी लागू नका, मी सांगते म्हणून.

तेराव्या पानावर तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, सँपलमध्ये सौम्य हिमोलिसिस, म्हणजे थोड्या लाल पेशी फुटलेल्या. तिथेच रेफरन्स रेंज इन-हाउस, म्हणजे नॉर्मल किती ते लॅबनेच ठरवलेलं, आणि मोजणी मिर-१६ च्या तुलनेत. आता हे ज्याला कळतं त्याने कपाळावर हात मारायचा. या मोजणीत एखादा मायक्रोआरएनए किती आहे हे नुसतं सांगत नाहीत, दुसऱ्या एका स्थिर समजलेल्या मायक्रोआरएनएच्या मानाने सांगतात, भाजीवाला वजन टाकतो तसं. आणि मिर-१६ लाल पेशींत ठासून भरलेला असतो. लाल पेशी फुटल्या की तो प्लाझ्मात येतो. म्हणजे तराजूत टाकलेलं मापच जड झालं, मग भाजी हलकी दिसणारच! मिर-१२६ कमी आला तो ह्यांच्या रक्तवाहिन्यांमुळे की त्या मुलाने तर्री हलवल्यामुळे, हे कोणी सांगू शकतं का? प्लेटलेट्समध्येही मिर-१२६ भरपूर असतो, त्या डिकीत तापल्या तर आकडा उलट वर जाईल. एक चूक खाली ओढतेय, दुसरी वर, आणि मधल्या ओढाताणीतून आलेल्या ७१ वर माझा नवरा रात्रभर जागा.

तरी खरा दणका बाराव्या पानावर होता. भाचीला पीडीएफ पाठवलं होतं, तिचा पाच मिनिटांत फोन, मावशी पद्धत वाचलीस का? टोटल प्लाझ्मा आरएनए लिहिलंय. म्हणलं मग? म्हणे मग काय, यांनी एक्सोसोम वेगळे काढलेच नाहीत. रक्तातले बरेचसे मायक्रोआरएनए पिशवीत नसतातच मुळी, प्रोटीनला चिकटून उघडे फिरतात, २०११ पासून माहितीये हे, एचडीएल कोलेस्टेरॉलच्या कणांवरही थोडे असतात. पिशवीतलेच मोजायचे तर आधी पिशव्या बाजूला काढाव्या लागतात, गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने तासन्‌तास फिरवून किंवा दुसऱ्या पद्धतीने, आणि तेव्हाही कोलेस्टेरॉलचे कण सोबत येतात कारण काहींचा आकार तर काहींची घनता जवळपास तीच. म्हणून तर उपाशीपोटी घ्यायचं, म्हणून तर तुझी रबडी नडते. म्हणलं माझी नाही, तुझ्या काकांची.

म्हणजे नाव एक्सोसोम टेस्ट आणि एक्सोसोम काढलेलेच नाहीत. द्राक्षाची पेटी म्हणून पैसे घेतले आणि गाडीच्या हौद्यात सांडलेले मणी मोजून दिले.

पेटीचाच दाखला पुढे नेते. पंचवटीच्या मार्केट यार्डात सकाळी उभं राहा, शंभर मळ्यांतला माल एकाच मापाच्या क्रेटमध्ये आलेला असतो. क्रेट बघून मळा कळतो का? वर खूण असेल, चिठ्ठी असेल तर कळेल. तसंच, एखादी पिशवी चरबीची की लिव्हरची की प्लेटलेटची, हे तिच्यावरच्या प्रोटीनच्या खुणेवरून ओळखायला लागतं आणि ते अजून संशोधकांनाही जिकिरीचं आहे. या विषयातल्या संशोधकांनी संघटना करून २०१४, २०१८ आणि २०२३ अशा तीन नियमावल्या काढल्यात, त्यात रक्त कसं घेतलं, किती वेळात फिरवलं, पिशव्या कशा काढल्या, सगळं नोंदवा म्हणून कानीकपाळी ओरडलेत. आणि आमच्याकडे म्हणे मॅडम ते पुढं होतं.

लॅबला फोन केला. मॅनेजर गोड बोलला, हे मान्य करते, वाद घातला नाही, म्हणे रिपीट फ्री करून देतो. यावेळी मी कलेक्शनवाल्याला घरी बोलवलंच नाही, ह्यांना बारा तास उपाशी ठेवून, आदल्या रात्री मुगाची खिचडी घालून, सकाळी स्वतः सेंटरवर घेऊन गेले. आत एक लॅब इन्चार्ज बाई होत्या, पांढरे केस, माझ्यासारख्याच जुन्या जमान्यातल्या. त्यांना म्हणलं ताई, ट्यूब माझ्यासमोर फिरवाल का, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दोन शब्दांत ओळख पटली. कुठे होतात तुम्ही? मग काय, ट्यूब हळूच उलटी केली, वीस मिनिटांच्या आत सेंट्रिफ्यूजला, प्लाझ्मा वरून अलगद काढला, तळाचा जाड थर हलणार नाही असा बोटभर वरच थांबून, परत दुसऱ्यांदा फिरवला की उरलेल्या प्लेटलेट्स खाली बसतील. उजेडाला धरून दाखवला मला, फिका पिवळा, गुलाबी झाक नाही, गढूळ नाही. मला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. जाताना हळूच म्हणाल्या, होम कलेक्शनला आम्ही सांगून थकलो, एका पोराला सकाळी नऊ घरं देतात.

दुसरा रिपोर्ट, सोळा दिवसांच्या अंतराने. मिर-१२६ हिरवा. स्कोर ७१ वरून ३८, मॉडरेट. एचबीए१सी ६.०, म्हणजे जागचा हलला नाही, आणि सोळा दिवसांत हलेल कसा, लाल पेशी चार महिने जगते, तिच्यावर चढलेली साखर ती जाईपर्यंत राहते, जुन्या पेशी जाऊन नव्या येतील तसाच आकडा हळूहळू हलणार. माणूस तोच, पोट तेच, बदललं काय तर ट्यूब कोणाच्या हातात होती एवढंच. ३८ खरा असं मी म्हणत नाहीये, तोही इन-हाउस रेंजवरचाच, तोही एक्सोसोम न काढताच. फक्त दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघा म्हणतेय.

आणि मग कोचचा परत कॉल. अगदी आनंदाने, बघा सर, कॅप्सूलचा रिझल्ट! अर्ध्यावर आणला स्कोर!

मी फ्रीजवरून डबी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. पहिल्या रिपोर्टनंतर ह्यांनी घाबरून मागवली होती, ३,२०० ची, आणि मी उघडू दिली नव्हती. सील तसंच. तो पोरगा दोन सेकंद बघत बसला आणि म्हणे, नेटवर्क इश्यू येतोय मॅडम.

तर कोणाला घ्यायचंच असेल तर माझं मत. साध्या टेस्ट तुम्हाला या पैशाच्या एका कोपऱ्यात कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये मिळतात, आणि डॉक्टर औषध द्यायचं की नाही ते त्याच बघून ठरवतात. एक्सोसोमचा भाग आज संशोधनाच्या टेबलावरचा आहे, तिथे तो फार मोलाचा आहे, देशात १० कोटींहून जास्त डायबेटिसवाले आणि १३ कोटींहून जास्त प्रीडायबेटिसवाले आहेत असं आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात आलंय, उद्या भाचीसारख्या पोरींच्या कामातून धड टेस्ट निघाली तर पहिली रांग मीच लावेन. आज कोणी विकत असेल तर तीन गोष्टी विचारा, ट्यूब किती वेळात फिरवता, पिशव्या वेगळ्या काढता का, आणि हिमोलाइज्ड सँपल परत पाठवता की तसंच चालवता. उत्तर देणारं माणूस फोनवर आलं नाही तर पैसे राहू द्या.

स्टार दोनच. एक त्या मुलाच्या सुईला, एक त्या इन्चार्ज बाईंना. पार्किंग नाही, बाहेर रसवंती आहे तिथे ह्यांना एकटं उभं करू नका.

एडिट: अर्धे पैसे परत आले काल, ७,२५०. बाकीचे म्हणे साध्या टेस्टचे झाले, तो हिशोब मी बिलावर तपासतेय. कॅप्सूल परत घेत नाहीत, सील असलं तरी. जुलैत एचबीए१सी करायचंय, ते आमच्या जुन्या लॅबमध्ये, कॉलेज रोडला चालत जाऊन.